प्रसूतिवेदना आणि आईचे मन : मीरा-भाईंदरने विचारावयाचे दोन प्रश्न

बाळंतपण म्हणजे स्त्रीचा पुनर्जन्म, असे आपली जुनी माणसे म्हणत असत. या म्हणण्यामागे भय होते आणि ते अनाठायी नव्हते. आता बाळंतपणे इस्पितळात होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. आई आणि मूल जिवंत घरी परतणे ही बाब आज बहुतेक कुटुंबे गृहीत धरतात. त्याबद्दल परमेश्वराचे आणि वैद्यकशास्त्राचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु जीव वाचला म्हणजे सर्व काही झाले काय? प्रसूतिगृहात तिच्या वेदनांचे काय झाले आणि घरी परतल्यावर तिच्या मनाचे काय झाले, हे दोन प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात याच दोन प्रश्नांचा ऊहापोह करण्याचे आम्ही योजिले आहे.

बदललेले शहर, बदललेले बाळंतपण

मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ साली आणि महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे होती. उत्तन, पाली, चौक, डोंगरी येथील कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती कुटुंबे, काशीमिरा-चेणे परिसरातील आदिवासी पाडे, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतील परप्रांतीय कामगार आणि मीरा रोडच्या इमारतींत राहणारा, रोज लोकलने मुंबई गाठणारा मध्यमवर्ग, असे अनेक समाज या एका शहरात नांदतात.

जुन्या गावठाणांत बाळंतपण ही एकट्या स्त्रीची बाब नव्हती. सुईण असे, आई असे, आत्या-मावश्या असत. सव्वा महिना बाळंतिणीला शेक, धुरी, अंगाची मालिश, आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मिळत. त्या पद्धतीत दोष होते. अस्वच्छता होती, अडलेल्या बाळंतिणीला वाचवण्याचे साधन नव्हते, आणि मुलगी झाली की लाडूंची संख्याही काही घरांत कमी होत असे. तरीही एक गोष्ट निश्चित होती : त्या चाळीस दिवसांत बाळंतीण एकटी नसे.

आज मीरा रोडच्या एका खोलीत अथवा वन-रूम किचनमध्ये राहणाऱ्या तरुण आईचे माहेर बहुधा बिहारात, कोकणात, मराठवाड्यात किंवा केरळात असते. पती पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. इस्पितळाने तिला दोन-तीन दिवसांत घरी पाठवलेले असते. बाळाच्या लशींचे कार्ड तिच्या हाती असते. तिच्या स्वतःच्या मनाचे कार्ड मात्र कोणी बनवलेले नसते. आमच्या विवेचनाची सुरुवात या एकटेपणापासून होते.

वेदना ही शिक्षा आहे काय?

प्रसूतिवेदना कमी करण्याचा प्रश्न निघाला की अनेक श्रद्धाळू घरांत एक वाक्य ऐकू येते : 'देवानेच ते ठरवले आहे.' उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाचा आधार त्यास दिला जातो. हा वाद नवा नाही. १८४७ साली एडिंबरा येथील डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीत प्रथम ईथर आणि पुढे क्लोरोफॉर्म वापरले. धार्मिक आक्षेपांची शक्यता ओळखून त्याच वर्षी त्यांनी त्यांस उत्तर देणारी पुस्तिकाही प्रसिद्ध केली. ७ एप्रिल १८५३ रोजी डॉ. जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियास राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मसमयी क्लोरोफॉर्म दिले आणि लोकमत हळूहळू पालटू लागले.

बायबलच्या त्या अध्यायाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानी येते. हव्वेच्या प्रसूतीसंबंधी जो हिब्रू शब्द योजला आहे, तोच पुढच्या वचनात आदामाच्या शेतातील कष्टांसाठीही आहे. आदामाच्या वाट्याला काटेकुसळे आली म्हणून ख्रिस्ती शेतकऱ्याने नांगर, पंप अथवा ट्रॅक्टर वापरणे पाप आहे, असे कोणी कधी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुरुषाच्या घामावर उपाय काढणे ही प्रगती आणि स्त्रीच्या वेणांवर उपाय काढणे हा अधर्म, असा न्याय पवित्र शास्त्राच्या माथी मारता येणार नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत निःसंदिग्ध आहे. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांसमोर वेदनारहित प्रसूतीच्या विषयावर विस्तृत भाषण केले. मनाची तयारी, श्वसन आणि शिथिलीकरण यांवर आधारलेल्या पद्धती त्या काळी युरोपात पसरत होत्या. या पद्धतीत नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह काही नाही, आणि हव्वेला उद्देशून काढलेल्या उद्गारांत प्रसूती सुलभ करणारे उपाय योजण्यास ईश्वराने मनाई केलेली नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलशास्त्राच्या डॉक्टरांपुढे बोलताना, वेदना शमविणाऱ्या औषधांचा स्वीकार ख्रिस्ती मनुष्याने करण्यात गैर काही नाही, हेही त्यांनी सांगितले. कोणी स्वेच्छेने वेदना प्रभूला अर्पण करू इच्छीत असेल, तर तो तिचा आध्यात्मिक निर्णय होय, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. मात्र दुसऱ्याच्या वेदनेचे अर्पण आपण करू शकत नाही. सासूने सुनेच्या वतीने किंवा परिचारिकेने रुग्णाच्या वतीने सहनशीलतेचे व्रत घेणे हे अर्पण नव्हे.

या संदर्भात आणखी एक घटना स्मरणीय आहे. धर्मभगिनींनी प्रसूतिकार्य करू नये, असा निर्बंध एकेकाळी ख्रिस्तसभेत होता. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून निघालेल्या आदेशाने मिशन प्रदेशांतील धर्मभगिनींना वैद्यकीय व प्रसूतिसेवेसाठी मोकळीक मिळाली. रावळपिंडी येथे काम केलेल्या डॉ. ॲना डेंगेल यांच्यासारख्या स्त्रियांनी त्यासाठी दीर्घकाळ आग्रह धरला होता. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाऊ शकत नव्हत्या आणि उपचाराविना प्राण गमावत होत्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या हाकेमुळे ख्रिस्तसभेने आपला नियम बदलला, हा इतिहास तत्कालीन अविभाजित हिंदुस्थानच्या भूमीशी जोडलेला आहे.

उपाय कोणते, मर्यादा कोणत्या?

वेदनाशमन म्हणजे केवळ इंजेक्शन, असा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतिकालीन सेवेविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत विश्वासातील सोबती, श्वसन व शिथिलीकरणाच्या पद्धती, मालिश, उबदार शेक, हवे तसे हिंडण्या-फिरण्याची मुभा यांना स्थान आहे. त्यांबरोबरच निरोगी स्त्रीने मागणी केल्यास एपिड्युरल किंवा वेदनाशामक इंजेक्शन देण्याचीही शिफारस आहे. तिची इच्छा हा या शिफारशींचा गाभा आहे.

एपिड्युरल पद्धतीत भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांमधून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत एक बारीक नळी सरकवतो आणि तिच्यातून औषध सोडतो. वेदना वाहून नेणारे मज्जातंतू तेवढे बधिर होतात. आई जागी राहते आणि बाळाचे पहिले रडणे ऐकू शकते. रक्तदाब उतरणे, खाज सुटणे, ताप येणे, क्वचित तीव्र डोकेदुखी होणे आणि प्रसूतीचा शेवटचा टप्पा काहीसा लांबणे हे तिचे दोष आहेत. 'कण्यात सुई टोचली की जन्मभर कंबर दुखते' या समजुतीस आधार मिळत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन अहवालात एपिड्युरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत असल्याचे आढळले नाही, अथवा दीर्घकालीन कंबरदुखीतही फरक दिसला नाही.

मग ही सोय सर्वत्र का नाही? कारण ती औषधाच्या बाटलीत नसून माणसाच्या उपस्थितीत आहे. त्यासाठी रात्रंदिवस भूलतज्ज्ञ हजर हवा आणि आईच्या रक्तदाबावर व बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणारी परिचारिका हवी. शस्त्रक्रियेपुरता बोलावला जाणारा भूलतज्ज्ञ दहा तास कळा देणाऱ्या स्त्रीजवळ थांबू शकत नाही. खासगी इस्पितळात ही सेवा मिळाली तरी तिचे वेगळे शुल्क पडते. उत्तनच्या मासेविक्रेतीला किंवा कारखान्यात रोजाने काम करणाऱ्याच्या पत्नीला ते परवडेलच असे नाही.

याचा एक विपरीत परिणाम होतो. कळांची धास्ती घेतलेल्या काही स्त्रिया स्वतःच सिझेरियनची मागणी करतात. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात चारांपैकी एक प्रसूती सिझेरियनने झाली. देशभरातील खासगी इस्पितळांत हे प्रमाण ४७ टक्के, तर सरकारी इस्पितळांत १४ टक्के होते. या तफावतीची कारणे अनेक आहेत, पैसा हेही त्यांतील एक. परंतु जिला भय आहे तिच्यासमोर 'मुकाट सोसणे' आणि 'पोट फाडून घेणे' एवढे दोनच मार्ग ठेवले, तर तिने दुसरा निवडला म्हणून तिला दोष देता येणार नाही.

भूलतज्ज्ञ मिळेपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. प्रसूतीत अखंड सोबत मिळाल्यास काय होते, याचा आढावा २०१७ साली घेण्यात आला. १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या त्या चाचण्यांत सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ कमी झाला, सिझेरियन कमी झाले आणि प्रसूतीविषयीची कटू भावनाही कमी राहिली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानपूर्वक वागणुकीचा समावेश केला. म्हणजे नियम आहे. प्रश्न तो प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचण्याचा आहे. कळा देणाऱ्या स्त्रीवर ओरडणे, तिला टोचून बोलणे, तिला न सांगता तपासणे या गोष्टी थांबवण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही.

मरियामातेचे उदाहरण येथे सहज आठवते. एलिझाबेथ वृद्धापकाळी गरोदर आहे हे कळताच मरिया डोंगराळ प्रदेशात त्वरेने गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, असे लूककृत शुभवर्तमान सांगते. त्या भेटीचा सण आपण दरवर्षी साजरा करतो. गरोदर स्त्रीची सोबत हा त्या सणाचा साधा अर्थ आपल्या लक्षात राहावा.

प्रसूतीनंतरचे मन

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अनेक मातांना अकारण रडू येते, चिडचिड होते. ही अवस्था बहुधा दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. प्रसूतिपश्चात नैराश्य हा निराळा आजार आहे. सतत उदासी, कशातच रस न वाटणे, बाळ झोपले तरी आईला झोप न येणे, 'मी वाईट आई आहे' ही टोचणी, बाळाविषयी परकेपणा, आणि कधी जीव नकोसा होणे ही त्याची लक्षणे होत. तो आठवड्यांमागून आठवडे टिकतो आणि उपचाराविना वर्षभरही रेंगाळू शकतो. तिसरा प्रकार दुर्मीळ, हजारात एक-दोन मातांना होणारा, परंतु सर्वांत धोक्याचा. यात आईला भास होतात, भलत्या शंका येतात, ती असंबद्ध बोलू लागते. अशा वेळी तिला त्याच दिवशी इस्पितळात नेले पाहिजे. 'बाहेरची बाधा' म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला एक दिवस दोन जिवांवर बेतू शकतो.

हे पाश्चात्त्यांचे आजार आहेत, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात म्हापसा येथील सरकारी इस्पितळात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे त्यात आढळले. सहा महिन्यांनीही त्यांपैकी निम्म्याहून अधिक माता आजारीच होत्या. गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही ठळक कारणे होती. मुलगी जन्मल्याने धोका कसा वाढतो, हेही त्या अभ्यासाने दाखवले. २०१७ साली देशभरातील ३८ अभ्यासांचा एकत्रित विचार करण्यात आला, तेव्हा प्रमाण २२ टक्के निघाले. पाच मातांमागे एक. रविवारी मिस्सेला तान्हे बाळ घेऊन येणाऱ्या पाच स्त्रिया आपण मोजाव्यात.

वेदनाशमनाने हे नैराश्य टळते काय? २०१४ साली बीजिंगमधील एका अभ्यासात एपिड्युरल घेतलेल्या मातांपैकी १४ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के माता सहाव्या आठवड्यात नैराश्यग्रस्त आढळल्या. त्यानंतरच्या अभ्यासांनी मात्र एकमुखाने तसा निर्वाळा दिलेला नाही. एपिड्युरल ही नैराश्याची लस नव्हे. मनाचे दुखणे गरिबी, एकटेपणा, घरातील हिंसा, पूर्वीचा मानसिक आजार आणि मुलगा-मुलगी भेद यांतून उपजते. ते एका सुईने जाणार नाही. परंतु ज्या स्त्रीची वेदना कोणी ऐकली नाही, जिचा अपमान झाला, जी त्या खाटेवर असहाय होती, तिच्या मनावर त्या रात्रीचा ओरखडा राहतो आणि पुढील बाळंतपणाचे भयही तेथेच रुजते. वेदना शून्यावर आणणे सर्वत्र शक्य नसेल. तिची दखल घेणे सर्वत्र शक्य आहे. आमच्या मते दोन प्रश्नांना जोडणारा दुवा हाच आहे.

काय करता येईल?

प्रथम नगरीच्या पातळीवर. भाईंदर पश्चिमेस टेंभा येथील पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आणि मीरा रोडचे इंदिरा गांधी रुग्णालय ही सर्वसामान्यांची आशास्थाने आहेत. अशा सार्वजनिक प्रसूतिगृहांत सोबतिणीचा हक्क प्रत्येक स्त्रीस समजेल अशा भाषेत, मराठीसह हिंदीतही, दर्शनी भागी लिहिलेला असावा. प्रसूतीसाठी स्वतंत्र भूलतज्ज्ञ नेमण्याची मागणी नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींकडे करावी. रस्ते आणि पाण्याइतकीच ती नागरी मागणी आहे.

दुसरे, आशा सेविकांच्या भेटी. इस्पितळातील प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा गृहभेटींची योजना २०११ पासून आहे. बाळाचे वजन, तापमान, स्तनपान यांची त्यात नोंद होते. त्याच भेटीत आईला दोन प्रश्न विचारता येतील : गेल्या काही दिवसांत सतत उदास किंवा हताश वाटले काय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला आहे काय? उत्तर चिंताजनक असेल तर १९८७ साली एडिंबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली वापरता येते. प्रसूतीनंतर मातांची अशी तपासणी व्हावी, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली केली. केरळ राज्याने 'अम्म मनस्सु' या नावाने मातांच्या मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला आहे. महाराष्ट्रानेही ते करावे.

तिसरे, उपचार. समुपदेशनाने अनेक माता बऱ्या होतात. औषधे लागली तरी स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे उपलब्ध आहेत, मात्र निर्णय डॉक्टरांनीच करावा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही तीन वर्षांखालील मुलास उपचार घेणाऱ्या आईपासून साधारणतः वेगळे करू नये, असे बजावले आहे. ज्यांना कोठे जावे हे उमगत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. हा क्रमांक प्रत्येक धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर असावा.

चौथे, आपल्या धर्मग्रामांचे काम. ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो की बाळाचा स्नानसंस्कार जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत व्हावा आणि त्यापूर्वी आईवडील व धर्ममातापिता यांना योग्य शिक्षण द्यावे. नैराश्य डोके वर काढते ते याच आठवड्यांत. म्हणजे ज्या काळात कोणतेही सरकारी कार्यालय त्या आईला बोलावीत नाही, नेमक्या त्याच काळात ती आपल्या दारी येते. त्या तयारीच्या बैठकीत दहा मिनिटे आईच्या प्रकृतीसाठी राखून ठेवावीत. धर्मगुरूंनी किंवा प्रशिक्षित स्वयंसेविकेने तिला एकटीला गाठून 'तुम्ही कशा आहात?' असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. बाळाविषयी सर्वांनी आधीच विचारलेले असते. धर्ममाता ही केवळ झबले आणि सोन्याची साखळी आणण्यापुरती नसावी. आठवड्यातून एक दुपार तिने बाळ सांभाळले आणि आईला झोपू दिले, तर तिने आपले कर्तव्य उत्तम रीतीने पार पाडले असे आम्ही म्हणू.

पाचवे, पुरुषांचे. गोव्याच्या अभ्यासाने पतीच्या वागणुकीकडे बोट दाखवले आहे. रात्रीच्या दुपट्यांची जबाबदारी, दारूपासून दूर राहणे, मुलीच्या जन्माचे मनापासून स्वागत आणि पत्नीच्या रडण्याला 'नाटक' न म्हणणे, या चार गोष्टींस पैसा लागत नाही.

प्रार्थना आणि उपचार यांत विरोध नाही, हेही शेवटी स्पष्ट केले पाहिजे. 'विश्वास कमी पडला म्हणून उदास वाटते' असे आजारी आईला सांगणे म्हणजे तिच्या दुखण्यावर अपराधाचे ओझे लादणे होय. ताप आलेल्या बाळासाठी आपण रोझरी म्हणतो आणि त्याला दवाखान्यातही नेतो. आईसाठीही तेच करावे. प्रसूतिवेदना आणि त्यानंतरचा आनंद यांचे उदाहरण प्रभू येशूने शिष्यांना दिले होते. तो आनंद प्रत्येक आईला मिळावा, अशी प्रार्थना आपण जरूर करू. मात्र ज्या आईला तो अद्याप जाणवलेला नाही, तिने तो जाणवल्याचे सोंग आपल्यासमोर आणावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. आपल्या इमारतीत, आपल्या वाडीत या महिन्यात कोणाचे बाळंतपण झाले आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच. तिच्या घरी जाताना बाळासाठी काही न्यावेच, पण थोडा वेळ तिच्यासाठीही राखून ठेवावा.